माळावरच्या मुनिया: जागा निवडण्यापासून टिपणवहीपर्यंत

महाराष्ट्रात ‘फिंच’ पाहायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा मुनियाच येतात, आणि त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. काटेकोर अर्थाने फिंच म्हणजे फ्रिंजिलिडी कुळातले पक्षी. त्यांपैकी गुलाबी फिंच हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो, पण तो रोज दिसेल अशी आशा धरू नये. मुनियांचे कूळ निराळे आहे. त्याचे नाव एस्ट्रिल्डिडी असून ऑस्ट्रेलियातला झेब्रा फिंच मुनियांचा जवळचा नातलग आहे. गालापागोस बेटांवरच्या, डार्विनचे नाव लागलेल्या फिंचांना तर आता टॅनेजर कुळात बसवतात. दाणे सोलण्याला सोयीची, शंकूसारखी जाड चोच एवढ्या एका साम्यामुळे ही सगळी मंडळी एका नावाखाली आली. मराठीत मुनियांना ‘मनोली’ असेही नाव आहे.

माझी पहिली दोन-तीन वर्षे थव्यांच्या मागे चालण्यात गेली. शंभर पावलांवर गवतात हालचाल दिसायची, मी दुर्बीण सावरत तिकडे निघायचो, अर्ध्या वाटेत थवा उठायचा आणि आणखी शंभर पावले पुढे जाऊन बसायचा. असे चारदा झाले की थवा बांधापलीकडे दिसेनासा व्हायचा आणि माझ्या वहीत ‘मुनिया, अंदाजे तीस’ एवढीच नोंद उरायची. पुढे गुरे राखणाऱ्या एका काकांनी सहज विचारले, “ती काय खात्यात ते बघितलं का?” मी ते बघितले नव्हते. तेव्हापासून मी पक्ष्याचा नव्हे, दाण्याचा माग काढतो. या लेखातली पुढची सगळी पद्धत त्या एका प्रश्नातून आलेली आहे.

जागा कशी निवडावी

नकाशावर अभयारण्य शोधण्यापूर्वी घरापासून तासाभराच्या आत असलेला एखादा गवताळ तुकडा शोधावा, कारण तिथे वर्षातून दहा-बारा वेळा जाणे जमले पाहिजे. त्या तुकड्यात तीन गोष्टी हाकेच्या अंतरावर असाव्यात: कणसे धरलेले गवत, बसायला बोर, बाभूळ किंवा घाणेरीसारखे काटेरी अथवा दाट झुडूप, आणि पाणी. पाणी म्हणजे तळेच हवे असे नाही. गळका व्हॉल्व्ह, जनावरांचा हौद, विहिरीचा पाट यांपैकी काहीही चालते. कीटक खाणाऱ्या पक्ष्यांना अन्नातूनच बराचसा ओलावा मिळतो. कोरडे दाणे खाणाऱ्या मुनियांची तशी सोय नसते आणि त्यांना पाण्यावर यावेच लागते.

गवत पाहताना ते हातात घेऊन पाहावे. मुनियांना पूर्ण वाळलेल्या दाण्याइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक, चिकात असलेला दाणा आवडतो. कणीस दोन बोटांत दाबले आणि पांढरा चीक आला तर त्या पट्ट्यावर येत्या आठवड्यात लक्ष ठेवावे. गिनी गवत, मारवेल, भातखाचरातला सावा आणि बांधावरची बारीक दाण्याची गवते यांवर मुनिया हमखास उतरतात. गुरांनी चरून भुईसपाट केलेला किंवा वणव्यात जळालेला माळ मात्र कितीही देखणा असला तरी या कामासाठी रिकामाच समजावा.

कोणती मुनिया पाहायची आहे, यावरही जागा ठरते. पांढऱ्या कंठाची मुनिया कोरड्या माळाची आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर पट्ट्यातील खुरट्या बाभळींचा मुलूख तिचा. लाल मुनियाला उंच गवत आणि ओल हवी असते. उसाच्या कडेचा कालवा, तळ्याकाठचे पाणकणीस, उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण किंवा नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर अशा ठिकाणी ती शोधावी. काळ्या डोक्याच्या मुनियाची आवडही साधारण अशीच, पण भातशेती आणि खाडीकाठचे लव्हाळे तिला अधिक मानवतात. मुंबईकरांना भांडुप आणि उरणकडे, तर गोमंतकीयांना खाजन शेतांच्या कडेला ती भेटू शकते. पांढऱ्या पाठीची मुनिया पाहायला कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत, जंगल विरळ होऊन गवत सुरू होते अशा सीमेवर जावे. ठिपकेवाली मुनिया या सगळ्या ठिकाणी असते, शिवाय शहरातल्या सोसायटीच्या बोगनवेलीतही घरटे बांधते. त्यामुळे नवशिक्याने सुरुवात तिच्यापासून करावी.

कोणत्या महिन्यात काय दिसते

जूनपासून गवत वाढू लागते आणि त्याबरोबर मुनियांचा विणीचा काळ येतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात जोड्या, चोचीत गवताची पाती धरून जाणारे पक्षी आणि घरटी दिसतात. थवे तेव्हा लहान असतात आणि गवत माणसाच्या कमरेपर्यंत आल्यामुळे पक्षी दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येतात. लाल मुनियाचा नर त्याच्या खऱ्या रंगात पाहायचा असेल तर हाच हंगाम.

ऑक्टोबरअखेरपासून पिल्ले थव्यात मिसळतात, गवत पिवळे पडते, दाणे जमिनीवर गळू लागतात आणि थवे मोठे होतात. माझ्या मते नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने शिकण्यासाठी सर्वांत चांगले आहेत: हवा स्वच्छ, ऊन कोवळे, पक्षी भरपूर. याच दिवसांत ज्वारीच्या शेतांवर हिवाळी पाहुणे असलेल्या भारीटांचे थवे येतात आणि नवशिक्या माणूस त्यांनाही मुनिया समजून बसतो. भारीट मुनियापेक्षा ठळकपणे मोठा, चिमणीहून लांब दिसणारा पक्षी आहे. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की घोटाळा संपतो.

मार्च ते मे हा काळ पुष्कळ जण सोडून देतात. मला तो सोडू नयेसा वाटतो, कारण तेव्हा पाण्याजवळ बसले की पक्षी स्वतःहून येतात.

सोबत काय घ्यावे

दुर्बीण आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची (८×४२) असावी. दहा पटीची दुर्बीण लांबचे अधिक मोठे दाखवते खरी, पण तिच्यातून दिसणारे क्षेत्र लहान असते आणि हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो. एका काडीवरून दुसऱ्या काडीवर सतत उड्या मारणारा दहा सेंटिमीटरचा पक्षी तिच्यात धरून ठेवणे त्रासाचे होते. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबरी कडे खाली करून दुकानातच पूर्ण वर्तुळ दिसते का ते तपासावे.

कपडे मातकट किंवा वाळक्या गवताच्या रंगाचे हवेत. पायमोज्यांबद्दल मात्र अनुभवाचे सांगतो. कुसळी गवत पिकल्यावर त्याची कुसळे लोकरी किंवा सैल विणीच्या मोज्यांत घुसतात, पिळा घेत आत सरकतात आणि नंतर प्रत्येक पावलाला टोचतात. सकाळचा सर्वांत चांगला तास मोजे सोलण्यात घालवायचा नसेल तर गुडघ्यापर्यंत गुळगुळीत कापडाची पट्टी बांधावी किंवा पँट बुटात खोचून वर जाड प्लास्टिकचा आवरणपट्टा घालावा. याखेरीज पाणी, टोपी, बसायला घडीची चटई आणि पेन्सिल घ्यावी, कारण दवात शाईची अक्षरे पसरतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर उंच गवतात सापाचा धोका असतो. म्हणून घोट्यावर येणारे बूट घालावेत आणि पुढे काठी आपटत चालावे.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

उजाडता उजाडता जागेवर असावे. शेत खासगी असेल तर आदल्या दिवशी मालकाला भेटून परवानगी घ्यावी. धान्य भरताना मुनिया शेतकऱ्याचे नुकसान करतात, त्यामुळे गोफण घेऊन राखणीला बसलेल्या माणसापुढे त्यांच्या सौंदर्याचे गोडवे गाऊ नयेत. त्याला ‘पाखरं कोणत्या बाजूनं येतात’ एवढेच विचारावे. इतके नेमके उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही.

बसण्याची जागा अशी निवडावी की सूर्य पाठीशी राहील. उन्हाविरुद्ध पाहिलेली प्रत्येक मुनिया तपकिरी ठिपका दिसते आणि त्यातून पाच जाती वेगळ्या करण्याचा प्रयत्न म्हणजे स्वतःची फसवणूक होय. गवताच्या पट्ट्यापासून पंधरा-वीस पावले दूर, झुडपाला किंवा बांधाला टेकून बसावे, म्हणजे माणसाची आकृती आकाशावर उठून दिसत नाही. बसल्यावर दहा मिनिटे दुर्बीण डोळ्यांना लावू नये. आधी कानाने शोधावे. ठिपकेवाल्या मुनियाचा ‘किटी-किटी’ असा सुटा आवाज, पांढऱ्या कंठाच्या मुनियाची बारीक घुंगरांसारखी किणकिण, लाल मुनियाचा अगदी उंच, पातळ ‘त्सी’ हे आवाज थवा उडताना सर्वाधिक ऐकू येतात. वयानुसार कान मंदावलेल्यांना लाल मुनियाचा स्वर निसटतो. तेव्हा सोबत कोणी तरुण असेल तर त्याच्या कानावर विसंबावे.

थवा उतरला की आणखी पाच मिनिटे थांबावे. उतरल्याबरोबर सगळे पक्षी सावध असतात आणि एकाने उडी घेतली की सगळे उठतात. ही पाच मिनिटे निभावली की माना खाली जातात. जवळ जायचेच असेल तर सरळ थव्याच्या रोखाने न जाता तिरके, थांबत थांबत जावे. पक्षी खाणे थांबवून ताठ झाले, म्हणजे तुम्ही एक पाऊल जास्त टाकले आहे. तिथेच खाली बसावे.

थव्यातला एक पक्षी

आता सगळ्यांत महत्त्वाचे: संपूर्ण थवा पाहण्याचा मोह टाळून एकच पक्षी निवडावा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बीण त्याच्यावरून हलवू नये. ओळख पटवण्यासाठी चोच, कंठ, पोट, पाठीचा खालचा भाग आणि शेपटी याच क्रमाने नजर फिरवावी.

ठिपकेवाल्या मुनियाचा चेहरा आणि कंठ गडद तांबूस-तपकिरी असतो आणि छाती-पोटावर खवल्यांची नक्षी असते. पिल्ले मात्र साध्या फिक्या तपकिरी रंगाची, एकही खवला नसलेली असतात. मी एका नोव्हेंबरात अशाच पंधरा पिल्लांना निराळी जात समजून वहीत अभिमानाने अधोरेखित केले होते. त्याच थव्यातले दोन मोठे पक्षी त्यांच्या शेजारी बसलेले माझ्या नजरेतून सुटले होते. पांढऱ्या कंठाच्या मुनियाची चोच निळसर राखाडी, चांदीची झाक असलेली, शेपटी काळी आणि टोकदार, उडताना शेपटीच्या वर पांढरा पट्टा. पांढऱ्या पाठीच्या मुनियालाही असा पांढरा पट्टा असतो, पण तिचा कंठ आणि छाती काळपट असते, म्हणून कंठ पाहिला की गोंधळ राहत नाही. काळ्या डोक्याच्या मुनियाचे काळे डोके, पांढऱ्या कुशी आणि तांबूस पाठ लांबूनही ओळखू येते.

लाल मुनियाचे प्रकरण सर्वांत रंजक आहे. तिच्या कुळात वर्षातून एकदा विणीचा रंग उतरवून साधा पोशाख घालणारी अशी तीच एक विशेष मानली जाते. विणीच्या काळात नर गर्द लाल आणि त्यावर पांढरे ठिपके. पुढे तो मादीसारखा राखी-तपकिरी होतो, पण शेपटीच्या मुळाशी लाल रंग टिकतो आणि पंखांवर पांढरे ठिपके राहतात. चोचीचाही स्वतंत्र फेरा चालतो: मे महिन्यात ती लाल होऊ लागते, वर्षअखेरीस अधिक गडद होते आणि एप्रिलमध्ये पाहता पाहता काळी पडते. म्हणून लाल मुनियाच्या नोंदीत चोचीचा रंग लिहावाच. तिच्या शास्त्रीय नावातला ‘अमंदावा’ हा शब्द अहमदाबाद या शहराच्या नावाचा अपभ्रंश आहे, कारण तिथून हे पक्षी पिंजऱ्यासाठी परदेशी जात असत.

ओळख पटली की खरी मजा सुरू होते. ठिपकेवाल्या मुनिया जमिनीवर दाणे टिपत असतील तर त्यांची डोकी पाहावीत. प्राणिवर्तनाचे अभ्यासक लुक-अलेन जिराल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की डोके खाली ठेवून उड्या मारणारा पक्षी स्वतः अन्न शोधत असतो, तर डोके वर ठेवून उड्या मारणारा पक्षी दुसऱ्याने शोधलेल्या अन्नावर ताव मारण्याची संधी पाहत असतो. एका पक्ष्यावर दोन मिनिटे लक्ष ठेवून ‘वर’ आणि ‘खाली’ अशा रेघा मारत गेल्यास घरबसल्या सुचणार नाहीत असे प्रश्न पडू लागतात. नराचे गाणेही असेच दुर्बिणीतून पाहावे. ते इतके हळू असते, की चोच उघडझाप करते आणि कंठाची पिसे फुगतात, पण दहा पावलांवर ऐकू काहीच येत नाही. कधी कधी दुसरा पक्षी गाणाऱ्याच्या अगदी तोंडाजवळ मान नेऊन बसतो, जणू कानात सांगितलेली गोष्ट ऐकतो आहे.

मागे एका मार्चमध्ये पुरंदर तालुक्यातल्या एका बांधाआड बसलो होतो. समोर ठिबकच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळून हाताच्या पंजाएवढी ओल झाली होती. साडेनऊच्या सुमारास पांढऱ्या कंठाच्या सात मुनिया वरच्या बाभळीवर आल्या आणि खाली उतरण्याऐवजी एका फांदीवर ओळीने, अंगाला अंग घासून बसल्या. टोकाच्या पक्ष्याने शेजाऱ्याच्या मानेची पिसे चोचीने विंचरायला घेतली. शेजाऱ्याने डोळे अर्धवट मिटून मान आणखी वाकवली. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाचा पक्षी उठला, सगळ्यांच्या पाठीवरून पलीकडे आला आणि मधल्या दोघांत घुसला, त्यासरशी पूर्ण ओळ एक इंच सरकली आणि कडेचा पक्षी फांदीवरून घसरला. हे तीनदा झाले. पाण्यावर त्या जेमतेम अर्धा मिनिट होत्या आणि फांदीवर अकरा मिनिटे.

घरटी

मुनियाचे घरटे म्हणजे गवताचा ओबडधोबड गोळा आणि त्याला बाजूने तोंड. पांढऱ्या कंठाच्या मुनिया सुगरणीच्या जुन्या घरट्यातही संसार थाटतात आणि विणीनंतर रात्री झोपायला घरटे वापरतात, त्यामुळे बाभळीवरचे ‘रिकामे’ खोपे रिकामे आहेत असे गृहीत धरू नये. घरटे शोधत हिंडू नये, चुकून सापडले तर मागे सरावे. चोचीत गवत धरलेला पक्षी जवळच्या फांदीवर थांबून आत जात नसेल, तर तो तुमच्या जाण्याची वाट पाहत आहे. फोटोसाठी आडवी आलेली डहाळी छाटणे, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे, घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणे हे तिन्ही प्रकार मी अक्षम्य मानतो. छाटलेल्या डहाळीतून तुमच्या कॅमेऱ्याला जे दिसते ते कावळ्यालाही दिसते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुनिया पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. तरीही त्यांची चोरटी विक्री होते आणि कधी कधी त्यांना रंग देऊन परदेशी पक्षी म्हणून खपवले जाते. शहराजवळच्या थव्यात एखादी पिवळी किंवा हिरवी मुनिया दिसली तर दुर्मीळ शोधाचा आनंद साजरा करण्यापूर्वी तो रंग डागाळलेला, पिसांच्या मुळाशी फिका आहे का ते पाहावे. माळावर जाळे लावलेले दिसले तर स्वतः हुज्जत घालू नये. ठिकाण आणि वेळ टिपून महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मोजणी आणि टिपण

उडणारा थवा मोजता येत नाही असे पुष्कळांना वाटते. तारेवर किंवा झुडपावर बसलेले दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली हे नजरेत ठेवावे आणि तेवढे तुकडे बाकीच्या थव्यात पाडत जावे. थवा गवतात असेल तर निम्मे पक्षी दिसतच नाहीत, म्हणून उठताना पुन्हा एकदा अंदाज घ्यावा आणि दोन्ही आकडे लिहावेत. नोंदी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतील तर दिसलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी, सुरुवातीची वेळ, लागलेला कालावधी आणि चाललेले अंतर द्यावे. नुसत्या मुनिया टाकलेल्या यादीपेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

वहीतले टिपण जागेवरच, आठवणीवर न सोडता लिहावे. माझ्या वहीतल्या एका पानावर असे आहे: ‘सकाळी ७.१०, वारा नाही, दव भरपूर. ठिपकेवाली, बसलेल्या २२, उठताना ३५ ते ४०. खवले असलेल्या ९ नीट पाहिल्या, साध्या तपकिरी ६. गिनी गवत, कणीस चिकात. काडी वजनाने वाकते, पक्षी तसाच उलटा लटकून खातो. ७.३२ शिक्रा वरून गेला, सगळे बोरीत. ७.४१ पहिली परत.’ खाली शेवटचा रकाना असतो, ‘पुन्हा कधी’. गवत चिकात असेल तर तिथे आठ दिवसांनंतरची तारीख लिहितो, दाणा कडक झाला असेल तर तीन आठवड्यांनंतरची, आणि गवत कापणीला आले असेल तर मालकाला विचारून कापणीच्या दुसऱ्या दिवसाची, कारण त्या दिवशी गळलेले दाणे उघड्यावर पडलेले असतात आणि मुनिया पूर्ण दिसतात.